रुंद रस्ता हवा, पदपथ नको? आमच्या ग्रामसभेला खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि रस्त्यालगतचे सर्व खातेदार

सप्रेम नमस्कार.

मागच्या ग्रामसभेत आपण दोन ओळींचा ठराव केला. पहिल्या ओळीत फाट्यापासून गावापर्यंतचा जिल्हा मार्ग साडेपाच मीटरवरून सात मीटर करायला संमती. दुसऱ्या ओळीत त्याच रस्त्याच्या पूर्व कडेला सुचवलेल्या अडीच मीटर पदपथाला ‘तीव्र विरोध’. हात वर झाले, टाळ्या झाल्या, चहा झाला. माझ्या शेताचा गट त्याच पूर्व कडेला आहे. पदपथ झाला तर तो माझ्या बांधाला भिडणार. तरीही मी दुसऱ्या ओळीच्या विरोधात आहे. सभेत बोलायला उठलो तेव्हा ‘नंतर बोलू’ म्हणून बसवलं गेलं, म्हणून आता लिहून बोलतो.

पदपथ नाकारला की रस्त्याकडेचं सगळं आहे तसंच राहील, असं सभेतल्या बहुतेकांनी धरून चाललेलं दिसलं. तसं होणार नाही. आज डांबराच्या दोन्ही कडांना मुरमाची साईडपट्टी आहे. कुठे खचलेली, कुठे वेड्या बाभळीने गिळलेली, पण आहे. शाळेची पोरं तिच्यावरून जातात, खुरपणीला निघालेल्या बाया तिच्यावरून जातात, समोरून ट्रक आला की सायकलवाला तिच्यावरच उतरतो. साडेपाचाचे सात मीटर करायचे म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटर डांबर वाढणार. ऐकायला ते फार वाटत नाही, पण चालणाऱ्याच्या वाट्याला आजही जेमतेम तेवढीच जागा आहे. म्हणजे आपण नवीन पदपथ नाकारला, आणि त्याच ठरावात जुनी पायवाटही डांबराखाली घालायला संमती दिली. दोन्ही ओळी एकत्र वाचल्या की हे कळतं. सुट्या वाचल्या तर दोन्ही शहाणपणाच्या वाटतात.

डांबर सात मीटरचं आणि गुळगुळीत झाल्यावर त्यावर गाड्या कशा जातील हे मी सांगायला नको. आज खड्ड्यांमुळे वेग आवरतो. उद्या खड्डे नसतील. दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं वाढं, मागे रिफ्लेक्टर नाही, पुढे एकच दिवा आणि ड्रायव्हरच्या कानाशी मोठ्याने गाणी. त्याला ओव्हरटेक करणारी मोटारसायकल ज्या कडेने घुसते, तीच शाळेच्या पोरांची कड. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातले 32,825 जण पायी चालणारे होते. एकूण मृत्यूंपैकी सुमारे 68 टक्के ग्रामीण भागातले. फुटपाथ हा शहरांचा लाड आहे असं म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

सभेत एक प्रश्न मोठ्या आवाजात विचारला गेला, ‘आता चालतं कोण? दारादारात गाडी आहे.’ विचारणाऱ्या भाऊंच्या दारात दोन आहेत, तेव्हा त्यांचा प्रश्न खरा मानतो. पण गाडी घरात असणं आणि ती सकाळी सातला तुमच्या हातात असणं यात फरक आहे. घरातली मोटारसायकल घेऊन धनी कामाला गेला की मागे उरलेले सगळे पायीच. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण एसटी फाट्यावर थांबते आणि फाट्यापासून गावापर्यंत पासाचा उपयोग नाही. म्हाताऱ्यांचं तेच. पगार काढायला बँकेत, गोळ्या आणायला दवाखान्यात, एकादशीला देवळात. मेंढरं घेऊन जाणारे आपले धनगर बांधव याच कडेने जातात. आणि गाळप हंगामात ऊसतोड टोळीवरच्या बाया कडेवर पोर घेऊन, डोक्यावर मोळी घेऊन अंधार पडता पडता आपल्या खोपटाकडे, कोपीकडे परततात.

यातलं सभेला किती जण होतं? ग्रामसभा म्हणजे मतदार यादीत नाव असलेली माणसं. शाळेच्या पोरांना मत नाही. टोळीवाल्यांचं मत बीडकडे. शंभर माणसं किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यातलं जे कमी तेवढ्यात गणपूर्ती होते, आणि हा विषय घेतला त्या दिवशी ती रस्त्याकडेच्या जमिनवाल्यांनी केली. त्यांनी येऊच नये असं मी म्हणत नाही; मीही त्यांच्यातलाच. पण कायद्यात प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. सरपंच ताई, तुमच्यापुढे हा विषय त्या सभेत मांडला गेला होता का, हे इतिवृत्तात दाखवा. आणि जाता जाता एक सांगतो, राग मानू नका. त्या दिवशी तुमच्या खुर्चीशेजारी उभं राहून उत्तरं यजमान देत होते. आम्हाला तुमची उत्तरं ऐकायची आहेत. फाट्यापासून गावापर्यंत चालत येण्याचा अनुभव त्या मंडपात तुमच्याइतका दुसऱ्या कोणाला नसेल.

आपण वारीच्या वाटेवरची माणसं आहोत. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत आपल्या तालुक्यातून जाते. सदाशिवनगरच्या रिंगणाला आपण घरं बंद करून जातो. दिवे घाट ते मोहोळ हा 221 किलोमीटरचा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग आणि पाटस ते तोंडले-बोंडले हा 130 किलोमीटरचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, या दोन्हींची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 ला पंतप्रधानांच्या हस्ते झाली, तेव्हाच महामार्गाच्या दोन्ही कडांना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ असेल असं जाहीर झालं. त्याच कार्यक्रमात पंतप्रधानांनी पदपथाकडेला सावलीची झाडं लावा, ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय करा, असं लोकांना सांगितलं. त्या पदपथाला आपल्यापैकी कोणी ‘कोण चालतं’ असं विचारलं नाही. विचारायची हिंमतही झाली नसती. तिथे पायी चालणाऱ्याला वेगळी जागा हवी हे आपल्याला समजावून सांगावं लागलं नाही, कारण पायी चालणाऱ्याला आपण माउली म्हणतो.

मग त्याच महामार्गावरून फुटून आपल्या गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर ती माउली कुठे जाते? आषाढीला पंधरा दिवस वारकऱ्याच्या पायाला तेल लावणारे हात उरलेल्या साडेअकरा महिन्यांत आठवीतल्या पोरीच्या चालण्याविरुद्ध वर होतात, हे मला पटत नाही. शिवाय आपल्याही रस्त्याने आसपासच्या गावांच्या छोट्या दिंड्या महामार्गाला मिळायला जातात. भजनात दंग असलेली तीस-चाळीस माणसं, पुढे वीणेकरी, मागे एखादी पिकअप दिवे लुकलुकत ठेवून. ती पिकअप हीच त्यांची संरक्षक भिंत.

आता विरोधाच्या मुळाशी येतो. सगळ्यात खरा मुद्दा जमिनीचा आहे, आणि त्यात तुमचं बरंचसं बरोबर आहे.

हा रस्ता बहात्तरच्या दुष्काळात झाला. आपल्या आई-बापांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि स्वतःच्याच शेतातून रस्ता काढून दिला. तेव्हा कोणी मोजणी मागितली नाही, मोबदला मागितला नाही, कारण पोटाला काम हवं होतं. नंतर डांबर पडलं, मग साईडपट्टी आली, मग एकदा रुंदी वाढली. अनेकांच्या सातबाऱ्यावर आजही ते क्षेत्र खातेदाराच्याच नावावर आहे, म्हणजे ज्यावरून ट्रक जातात त्या जमिनीचा शेतसारा आपण भरतो. उलट काही ठिकाणी रस्त्याची हद्द कागदावर पुढे आणि आपला बांध प्रत्यक्षात त्याहून पुढे, असाही प्रकार आहे. कोणाचं काय, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात प्रमुख जिल्हा मार्गासाठी मोकळ्या रानात 25 मीटर जागा धरलेली आहे. आपल्याकडे नुसत्या नजरेनेही तेवढी कुठे भरत नाही. अशा वेळी अधिकारी येऊन ‘जागा शासनाचीच आहे’ म्हणाले आणि निघून गेले. कागद दाखवला नाही. माणसं भडकली ती तिथे. मीही भडकलो.

पण भडकून आपण विरोध केला तो पदपथाला. मोजणी मागितलीच नाही.

हिमाचल प्रदेशातल्या विद्यादेवी या विधवा आजींची गोष्ट सांगतो, कारण ती थेट आपलीच आहे. त्यांच्या जमिनीतून 1967-68 मध्ये रस्ता काढला गेला. भूसंपादन नाही, पैसे नाहीत. न शिकलेल्या बाईंना आपला हक्क आहे हेच ठाऊक नव्हतं. कित्येक वर्षांनी त्या न्यायालयात गेल्या तेव्हा सरकारने सांगितलं की त्यांनी तोंडी संमती दिली होती, आणि इतकी वर्षं जमीन आमच्याच कब्जात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 ला दोन्ही म्हणणी फेटाळली. कायद्याची प्रक्रिया न करता कोणाची मालमत्ता घेता येत नाही, आणि लोककल्याणकारी राज्याने आपल्याच नागरिकाविरुद्ध ‘आमचा जुना कब्जा आहे’ असा दावा करणं शोभत नाही, असं सांगून मोबदला द्यायला लावला. तेव्हा बहात्तरची चूक मागे टाकून सोडून द्या असं मी म्हणणार नाही. संयुक्त मोजणी मागा. भूमी अभिलेखचा माणूस, बांधकाम विभागाचा माणूस, तलाठी आणि खातेदार, चौघांसमोर. हद्दीचे दगड रोवा, नकाशाची प्रत प्रत्येकाच्या हातात पडू द्या. हद्दीबाहेर एक हातभरही जागा लागली तर 2013 च्या भूसंपादन कायद्याने बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, नाहीतर रीतसर थेट खरेदी. ‘गावाच्या भल्यासाठी संमतिपत्रावर सही करा’ हा कागद घेऊन कोणी आलं तर सही करू नका. मीही करणार नाही.

आणि मोजणीत कोणाचा बांध रस्त्याच्या हद्दीत निघाला, तर तो मागे घ्यावा लागेल. हे वाक्य वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील ते मला माहीत आहे. मोजणीची टेप दोन्ही बाजूंना सारखीच असते.

दुसरा खरा मुद्दा पाण्याचा. तो सभेत फक्त तात्यांनी काढला आणि गोंगाटात हरवला. खरं तर सगळ्यात आधी तोच घ्यायला हवा होता. आपलं रान पश्चिमेकडून पूर्वेला ओढ्याकडे उतरतं. पावसाचं पाणी वरच्या शेतांतून येतं, रस्त्याखालच्या मोऱ्यांतून पलीकडे पडतं, चरातून ओढ्याला जातं. पूर्व कडेला उंच पदपथ बांधला आणि मोऱ्या जुन्याच लांबीच्या ठेवल्या, तर मोरीचं तोंड पदपथाच्या पोटात बुजणार. मग पाणी वरच्या अंगाला तुंबणार. काळ्या रानात दोन दिवस पाणी साचलं की तूर पिवळी पडते आणि कांद्याचं बोलायलाच नको. म्हणजे पदपथ पूर्वेच्या लोकांच्या कडेने आणि नुकसान पश्चिमेच्या लोकांचं. तात्यांचं रान पश्चिमेला आहे, त्यांचा राग समजतो.

यावर उपाय आहे आणि तो अंदाजपत्रकातच घालून घ्यावा लागेल. नंतर कोणी येत नाही. प्रत्येक मोरी पदपथाखालून पुढे काढायची. पाईप माणसाला वाकून आतला गाळ ओढता येईल एवढ्या व्यासाचे. चर बुजवायचा नाही. तो पदपथाच्या शेताकडच्या अंगाला नव्याने खोदायचा आणि ओढ्यापर्यंत उतार मोजून न्यायचा. दुसरं, पदपथ काळ्या मातीवर थेट बसवायचा नाही. आपली माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावर नुसती वाळू टाकून पेव्हर ब्लॉक अंथरले की दुसऱ्या वर्षी कुठे वर, कुठे खाली. तालुक्याच्या गावात असे पदपथ आपण पाहतोच. म्हातारं माणूस ते सोडून डांबरावरून चालतं. खालची माती काढून जाड मुरूम, पाणी, रोलर, आणि वर सपाट काँक्रीट. सायकल आणि चाकाची खुर्ची दोन्ही जायला हवी.

बाकीचे आक्षेप एवढे जड नाहीत. शेतात वळायच्या जागी पदपथ रस्त्याच्या पातळीला उतरवायचा आणि तिथलं काँक्रीट भरलेल्या ट्रॉलीचं वजन पेलेल एवढं जाड करायचं, म्हणजे ऊस बाहेर काढायला अडचण नाही. रस्त्याखालून गेलेल्या आपल्या पाइपलाइनींसाठी डांबर पडायच्या आधीच केसिंग पाईप, म्हणजे पाइपलाइन आतून ओढता येईल असे मोठे पाईप, टाकून घ्यायचे. एरवी प्रत्येक गळतीला रस्ता फोडतो आणि मग त्याच खड्ड्यावरून विभागाला शिव्या देतो. फाट्यावरच्या वडापावच्या आणि पंक्चरच्या टपऱ्या मागे सरकवून पदपथाच्या आतल्या अंगाला बसवता येतील. मका आणि ज्वारी वाळत घालायला पदपथ चांगला पडेल असं एकाने म्हटलं, ते विरोधात होतं की बाजूने हे मला अजून कळलेलं नाही.

पदपथावर पोरं मोटारसायकली घालतील, हा आक्षेप खरा ठरणार. खांब रोवले तरी सायकल आणि चाकाची खुर्ची जाईल एवढी फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीतून बुलेट अडेल पण स्प्लेंडर अडणार नाही. यावर पक्का उपाय माझ्याकडे नाही. पण मोटारसायकली घुसतात म्हणून पदपथच नको, हे काही पटण्यासारखं नाही. पुण्या-मुंबईचे रंगीत कपड्यांतले सायकलवाले येऊन गर्दी करतील, ही भीतीही एकाने बोलून दाखवली. आले तर फाट्यावर चहा पितील. आणखी काय करतील?

चिंचांचं मात्र थांबून बोलायला हवं. ओढ्याजवळच्या पट्ट्यात जुन्या चिंचा आहेत. ‘पदपथ आला की चिंचा जाणार’ हे ऐकून सभेत हळहळ झाली. पण नकाशा पाहिला तर चिंचांच्या बुंध्याशी पदपथाआधी डांबर पोहोचतं, आणि त्या डांबराला आपण संमती दिली आहे. चिंचा वाचवायच्या असतील तर तेवढ्या पट्ट्यात रुंदीकरण पश्चिमेला सरकवावं आणि पदपथ चिंचांच्या मागून, शेताच्या अंगाने न्यावा. मग गाड्या आणि माणसं यांच्यामध्ये झाडांची ओळ राहील, दुपारी सावलीही मिळेल. त्यासाठी पूर्वेच्या दोन-तीन गटांतून थोडी जास्त जागा लागेल. त्यातला एक गट माझा आहे. लागेल तेवढी जागा द्यायला मी तयार आहे. फुकट नाही, मोजून, दर ठरवून, पैसे खात्यावर जमा झाल्यावर.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेला, अपंग व्यक्तींनाही वापरता येईल असा पदपथ मिळणं हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. म्हणजे हा विषय आज आपण बंद केला तरी उद्या पुन्हा येईल. तेव्हा आपल्या अटी ऐकून घेतल्या जातील का, ते सांगता येत नाही. आज काम अंदाजपत्रकाच्या पायरीवर आहे. आज अट घातली तर ती कागदावर येते. निविदा निघाल्यावर अट घालायला गेलो तर ठेकेदार म्हणतो, ‘माझ्या कामात हे नाही’, आणि त्याचं म्हणणं खरंच असतं.

म्हणून माझी मागणी अशी. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय पुन्हा घ्यावा आणि ठरावाची दुसरी ओळ बदलावी. रुंदीकरण आणि पदपथ यांना एकत्रच संमती द्यावी. एक झालं आणि दुसरं राहिलं असं चालणार नाही, हे ठरावात लिहावं. त्याआधी संयुक्त मोजणी, हद्दीबाहेरच्या जागेचा मोबदला, मोऱ्या आणि चर, शेतांची वळणं, केसिंग पाईप आणि चिंचांचा पट्टा या अटी शब्दशः घालाव्यात. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा खरोखर भरवावी, संध्याकाळी बाया रानातून आल्यावर, आणि तिचं म्हणणं मुख्य सभेत वाचून दाखवावं. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडून किती मुलं-मुली पायी आणि सायकलने येतात याची यादी मागवून ठरावाला जोडावी. त्यांना मत नसलं तरी मोजता तर येतं.

माझ्या गटाच्या हद्दीच्या मोजणीसाठी मी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज दिला आहे. शेजारच्या खातेदारांनीही दिले तर मोजणीदार एकाच फेरीत सगळे गट उरकेल. दरम्यान माझ्या बांधाच्या कडेने अडीच मीटरवर चुन्याची रेघ मारून ठेवतो आहे. ज्यांना आपली किती जागा जाते हे नजरेने पाहायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी यावं, येताना टेप आणावी.

आपला,
पूर्व कडेचा एक खातेदार